उन्हातला फिल दिसू नये म्हणून बेअरबल्ब घ्यावा का? (मुक्काम ठाणे, प्रवास लोकलने)

ठाणे_स्लो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून लिहितोय.

मी घरगुती कार्यांचे फोटो काढतो. मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, वर्षाला पाच-सहा लग्नं. काम एकट्याचं. हाताखाली फार तर पुतण्या, तोही पंगत बसली की गायब. गाडी नाही. सगळं सामान एका पाठपिशवीत घालून लोकलने जायचं आणि यायचं.

सध्या कॅमेऱ्यावर बसणारा साधा छोटा फ्लॅश (स्पीडलाईट) आहे. हॉलमध्ये त्याच्यावर भागतं. अडतं ते दुपारच्या उन्हात. गेल्या महिन्यात पार्ल्याला एका इमारतीच्या गच्चीवर मुंज होती. वर कापडी मांडव, ऊन पाठीमागून. बटूचा चेहरा काळा, मागे आकाश पांढरं फटक. फ्लॅश मारला तर चेहरा उजळला खरा, पण नुकत्याच तासलेल्या डोक्यावर पांढरा गोळा आला, आणि मुंडावळ्यांच्या सावल्या दोन्ही गालांवर अशा उमटल्या की जणू कुणी पेन्सिलीने रेघा ओढल्यात. बटूच्या आईचा शेरा: "दादा, हे आधारकार्डासारखे आलेत."

मला हवाय तो फिल (सावलीतला चेहरा उजळायला मारलेला जोड-उजेड) असा, की फ्लॅश मारलाय हे कळूच नये. बेअरबल्बमध्ये नळी उघडी असते, उजेड चहूकडे जातो, म्हणून तो मऊ पडतो असं ऐकून आहे. डोळ्यासमोर गोडॉक्सचा एडी२००प्रो आहे. एकाने एडी३६० सुचवला. एक जुना अमेरिकन सेटही विकत मिळतोय, पट्ट्याला लावायच्या बॅटरीसकट. काय घेऊ? की काहीच घेऊ नको?

शटरशेठ

घ्यायचाच तर ६०० वॉट-सेकंदवाला घ्या. ताकद जास्त असली तर कमी करता येते, कमी असली तर वाढवता येत नाही. दोनशेवाल्यावर पैसे घालाल आणि वर्षभरात परत इथेच धागा काढाल.

ठाणे_स्लो

शेठ, सहाशेवाला घेतला तर सकाळच्या गर्दीत त्याला मांडीवर घेऊन बसायला आधी मला सीट मिळायला हवी.

भिंग

आधी हिशेब करा, मग खरेदी.

भर उन्हात 'सोळाचा नियम' धरा: आयएसओ १००, १/१०० ला एफ/१६. म्हणजे १/२०० ला एफ/११. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वात वेगवान शटर) १/२०० किंवा १/२५० असल्यामुळे तुम्ही इथेच येऊन थांबता. आता फिल मुख्य उजेडाच्या दोन स्टॉप खाली हवा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे फ्लॅशने चेहऱ्यावर एफ/५.६ एवढाच उजेड पाडायचा. अंतर तीन मीटर. गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) = एफ गुणिले अंतर = १७ च्या आसपास.

एडी२०० चा बेअरबल्ब छोट्या वाटीसकट (रिफ्लेक्टरसकट) ६० गाईड नंबर देतो असा कंपनीचा दावा आहे. त्यात जाहिरातीचा थोडा फुगवटा धरला तरी तुमचं काम १/८ ताकदीत होतं. तुमच्याकडचा स्पीडलाईटसुद्धा पाव ताकदीत हे करू शकतो. तेव्हा शेठ, सहाशेचा इथे काही संबंध नाही. फिलचं काम पणतीचं आहे, हॅलोजनचं नाही.

दुसरं, 'उघडी नळी म्हणून मऊ उजेड' हा गैरसमज आहे. सावलीची कड मऊ की कडक हे ठरतं ते उजेडाचा स्रोत समोरच्या माणसाला केवढा दिसतो यावर. नळी आहे करंगळीएवढी. मोकळ्या गच्चीवर उघडी नळी म्हणजे एक छोटा, कडक दिवा, शिवाय त्याचा अर्धा उजेड तुमच्याच पाठीमागे समुद्राकडे निघालेला. चार भिंती आणि छत असेल तरच तो उजेड आपटून परत येतो आणि मऊ वाटतो.

गिरगावकर

भिंगरावांशी सहमत, पण भिंतींवर फार विसंबू नका. एक किस्सा सांगतो.

मी १९८० च्या दशकात सनपॅक १२०जे वापरायचो. उघडी नळी, वर वाटी, वाटी काढता यायची. त्या काळी असा फ्लॅश बाळगणाऱ्याला लोक 'मोठा फोटोग्राफर' समजत. आमच्याच चाळीत एक डोहाळजेवण होतं, दहा बाय बाराची खोली. मी वाटी काढली आणि उघड्या नळीने सगळा रोल संपवला. खोलीभर उजेड असा पसरला होता की मी स्वतःवरच खूश. रोल धुऊन आला तर बायका सगळ्या हिरव्या! खोलीच्या भिंतींना हिरवा ऑइलपेंट होता, छातीएवढ्या उंचीपर्यंत, तेव्हा सगळ्या चाळीत असायचा तसा. फ्लॅशचा उजेड तिथून आपटून हनुवटीखाली येऊन बसला होता. हिरव्या चुड्याला शोभून दिसत होता म्हणा, पण चेहऱ्याला नाही.

तेव्हा उघडी नळी ही खोलीच्या रंगाची गुलाम, हे धरून चाला.

आणि हो, गच्ची कसली होती? जुन्या इमारतींच्या गच्चीला चायना मोझॅक असतं, पांढरं शुभ्र. त्यावरून अर्धा फिल खालून फुकट मिळतो. तुमच्या मुंजीला त्यावर सतरंजी होती का?

ठाणे_स्लो

काका, होती! लाल. अख्ख्या गच्चीभर.

गिरगावकर

झालं तर मग. फुकटचा दिवा तुम्ही झाकून ठेवलात, आणि जो उजेड खालून आला असेल तोही लालच. पुढच्या वेळी यजमानांना सांगा, बटूसमोरची दोन हात जागा उघडी ठेवा. पूजेचं सामान बाजूला सरकवलं तर भटजी कुरकुर करतील, त्यांना आधी चहा द्या.

नवशिक्या

एक शंका. 'दोन स्टॉप खाली' फिल म्हणजे सावलीत नक्की किती फरक पडतो? मला नेहमी वाटतं, एवढ्याशा फ्लॅशने काय होणार.

भिंग

चांगला प्रश्न. उन्हातल्या बाजूचा उजेड १ धरा. सावलीतली बाजू तीन स्टॉप खाली, म्हणजे १/८, दशांशात ०.१२५. दोन स्टॉप खालचा फिल म्हणजे ०.२५, आणि तो दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो.

सावली: ०.१२५ + ०.२५ = ०.३७५. म्हणजे तीन स्टॉप खाली होती ती साधारण दीड स्टॉपवर आली. डोळे दिसायला लागले.

उन्हाची बाजू: १ + ०.२५ = १.२५. जेमतेम एक तृतीयांश स्टॉपने वाढली. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हेच फिलचं इंगित. अंधारात थोडा उजेड खूप वाटतो, उजेडात तोच नाहीसा होतो. फिल एकच स्टॉप खाली ठेवलात की चेहरा सपाट व्हायला लागतो, आणि बरोबरीने मारलात की आधारकार्ड.

दादरकरीण

हिशेब पटला, पण लग्नघरात हिशेबाची वाट लावणाऱ्या दोन गोष्टी असतात: अक्षता आणि अंतरपाट.

अक्षता आधी. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर मंगलाष्टकं संपताना तुमच्या मागून आलेल्या अक्षता लेन्सपासून अर्ध्या मीटरवर असतात आणि जोडपं तीन मीटरवर. अंतर सहापट, म्हणजे त्या दाण्यांवर उजेड छत्तीसपट. पाच स्टॉपच्याही वर. फोटोत बर्फ पडतोय असं दिसतं. शिमल्याला लग्न केल्यासारखं. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून काठीवर, लोकांच्या डोक्यांच्या वर न्या, हा त्रास पुष्कळ कमी होतो.

अंतरपाट म्हणजे दोन माणसांनी धरलेला पांढरा रिफ्लेक्टर. तो मध्ये असेपर्यंत नवरीच्या चेहऱ्यावर सुंदर उजेड असतो. खाली आला की तो उजेडही गेला, आणि नेमक्या त्या सेकंदाचाच फोटो सगळ्यांना हवा असतो. म्हणून माझा फिल अंतरपाट असतानाच्या उजेडावर नाही, तो नसतानाच्या उजेडावर लावलेला असतो. शेवटचं 'सावधान' व्हायच्या आत मॅन्युअलवर ठरवून ठेवते. टीटीएल (कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो तो प्रकार) अशा वेळी घात करतो. चौकटीत मामाचा पांढरा सदरा जास्त आला की फ्लॅश कमी, काळा कोट आला की जास्त. दहा फोटोंत दहा चेहरे.

बेअरबल्बबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उघडी नळी मी उघडी वापरतच नाही. पण सॉफ्टबॉक्समध्ये ती घातली की उजेड सगळीकडे पसरतो आणि कापड कडेपर्यंत सारखं भरतं. स्पीडलाईट घातला तर मधोमध डाग आणि कडा अंधाऱ्या. तेवढं एक कारण मला पुरतं.

वसईचा_वारा

सॉफ्टबॉक्स, ताई? वरळी सी-फेसवर? संध्याकाळी चारनंतर तिथे सॉफ्टबॉक्स म्हणजे शीड. मागच्या वर्षी माझी छत्री स्टँडसकट कठड्यावर आदळली, नशीब पलीकडे गेली नाही. वाळूच्या पिशव्या लोकलने नेणार कोण?

मी तिथे नळीवर फक्त छोटी वाटी आणि तिच्यावर दुधी टोपी वापरतो. वाऱ्याला धरायलाच काही नाही. सावली कडक पडते, मान्य. पण फ्लॅश लेन्सच्या अगदी वर, एक-दीड वीत उंचीवर धरला, तर ती सावली चेहऱ्याच्या मागेच लपते. धागाकर्त्याच्या मुंडावळ्यांचा उपाय मला हाच वाटतो. त्याच्या फोटोत सावल्या दिसल्या, म्हणजे फ्लॅश बाजूला गेला होता. कॅमेरा उभा धरला होता ना?

ठाणे_स्लो

हो! उभाच. फ्लॅश डाव्या बाजूला आला होता. हे लक्षातच आलं नव्हतं.

शटरशेठ

सगळं ठीक, पण कुणाला एफ/२.८ वर मागचं धूसर हवं असेल तर? एफ/११ वर मागच्या इमारतीवरच्या वाळत घातलेल्या चादरीसुद्धा मोजता येतात. शटर सिंकच्या वर न्यायला एचएसएस (हाय-स्पीड सिंक) लावावा लागेल, आणि त्यात ताकद जाते. म्हणून म्हणतो मोठा घ्या.

भिंग

शेठचा हा मुद्दा बरोबर आहे, मान्य करतो. एफ/११ वरून एफ/२.८ म्हणजे चार स्टॉप, शटर १/३२०० वर जातं. एचएसएसमध्ये फ्लॅश एका झटक्याऐवजी भराभर फडफडत राहतो, त्यात दोन-अडीच स्टॉप सहज जातात. १/८ चं काम मग निम्म्या ते जवळजवळ पूर्ण ताकदीवर येतं. इथे स्पीडलाईट पाचव्या-सहाव्या फोटोला तापून रुसतो, २०० वाला तग धरतो. तुमच्या प्रश्नाचं 'स्पीडलाईट पुरेल' हे मी दिलेलं उत्तर एवढ्यापुरतं मागे घेतो.

दुसरा रस्ता, लेन्सवर चार स्टॉप उजेड अडवणारा काळसर एनडी फिल्टर, एनडी१६. शटर १/२०० वरच राहतं, एचएसएस नको. पण व्ह्यूफाइंडर आरशाचा असेल तर आत अंधार, आणि अंधारात फोकस शोधेपर्यंत सप्तपदी संपते.

गिरगावकर

तो जुना अमेरिकन सेट घेऊ नका, एवढं सांगून ठेवतो. जुने नॉर्मन, लुमेडाइन मी हाताळलेत, दणकट माल. पण आत कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, पट्ट्याची बॅटरी आज कोण भरून देणार? शिवाय काही जुन्या फ्लॅशच्या पेटवणाऱ्या सर्किटला दोनशेच्या वर व्होल्ट असतात, ते थेट आजच्या कॅमेऱ्याच्या शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) गेले तर कॅमेरा बाद. आणि उघडून आत बोट घालायचा मोह झालाच तर आवरा. बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक असतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचा हात तासभर बधिर होता.

सेकंडहँड काहीही घेताना नळी बघा. दोन्ही टोकांना काळपट आली असेल तर ती पुष्कळ भाजलेली आहे. मी एकदा असा सेट घेतला, दुकानदार म्हणे "काका, पेटीतून काढलेला नाही". नळीची टोकं चुलीतल्या लाकडासारखी. मी चष्मा घरी विसरलो होतो, त्याला काय बोलणार.

दादरकरीण

काका, तुमचा चष्मा ही वेगळ्या धाग्याची सामग्री आहे. (हलके घ्या.)

धागाकर्ते, घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा. अंधेरीत कॅमेऱ्याचं सामान भाड्याने देणारे बरेच आहेत. आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून दूरचा फ्लॅश पेटवणारा) तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीला चालणाराच मागा. फ्लॅश कुठल्याही कॅमेऱ्यासोबत चालतो, ट्रिगर मात्र कॅननचा वेगळा, निकॉनचा वेगळा, सोनीचा वेगळा.

ठाणे_स्लो

मंडळी, आणला. शनिवारी एडी२००प्रो भाड्याने घेतला, आमच्याच गच्चीवर दुपारी दीड ते सहा. पुतण्याला आईसक्रीमच्या बोलीवर बटू केला. वहिनींनी कुठूनशा मुंडावळ्याही काढून दिल्या.

ऊन पाठीमागून, अंतर तीन मीटर, १/२००, एफ/११. भिंगरावांच्या हिशेबाने १/८ वर सुरुवात केली, वाटी आणि दुधी टोपी लावून. दिसत होतं. वाईट नाही, पण डोळ्यात ठिपका आणि नाकावर चकाकी. १/१६ वर आणलं आणि तिथेच थांबलो. बटूच्या बरणीएवढ्या डोक्यावर (त्याने तासून घेतलं नाही, पाण्याने केस चपटे केले) गोळा नाही. १/३२ वर फ्लॅश होता की नव्हता हे मलाच सांगता येईना.

टोपी आणि वाटी काढून उघडी नळी लावून बघितली. गच्चीच्या मधोमध अगदीच निष्प्रभ, १/४ वर न्यावं लागलं आणि सावली तेवढीच कडक. मग चुना लावलेल्या कठड्यापासून हातभर अंतरावर आलो. तिथे कमाल. कठडाच दिवा झाला, उजेड बाजूने लोण्यासारखा आला. पण प्रत्येक गच्चीचा कठडा पांढरा कुठून आणू?

मुंडावळ्या: फ्लॅश लेन्सच्या वर एक वीत, सावली गायब. बाजूला हातभर नेला, रेघा परत आल्या. वसईकरांना दंडवत.

आणि काका, सतरंजीचा प्रयोगही केला. आमच्याकडे चायना मोझॅकच आहे. सतरंजी अंथरून एक, गुंडाळून एक. गुंडाळल्यावर हनुवटीखालची सावली फ्लॅश न लावताच निम्मी झाली. इतकी वर्षं त्या गच्चीवर पापड वाळवताना हे कुणी सांगितलं नाही.

सहा वाजता उजेड पिवळा झाला तसा फ्लॅश निळा वाटायला लागला. चेहरा एका दुपारचा आणि आकाश दुसऱ्या संध्याकाळचं. त्याला काय?

दादरकरीण

पाव सीटीओ जेल. फ्लॅशवर लावायचा फिका नारिंगी पारदर्शक तुकडा. फ्लॅश ५६०० केल्विनचा, मावळतीचं ऊन त्याहून कितीतरी पिवळं. गोरज मुहूर्ताच्या लग्नाला सुरुवातीला पाव, सूर्य टेकला की अर्धा. पण जेल उघड्या नळीला टेकवू नका, वाटीच्या तोंडावर लावा. नळी तापते, जेल वितळून चिकटतं. आणि नळीला नुसत्या बोटांनी हात लावू नका, बोटांचं तेल भाजून तिथे डाग पडतो.

वसईचा_वारा

नळीवरून आठवलं. किट लोकलने नेणार आहात ना? नळी काढून वेगळ्या कडक डबीत ठेवा, हेडवर (फ्लॅशच्या तोंडावर) लावलेली ठेवू नका. मी शहाणपणा केला नव्हता. विरार फास्टमध्ये अंधेरीला जो रेटा आला, त्यात पिशवीतून 'टिच' असा आवाज आला आणि मला कळलं. साखरपुड्याला फ्रेनेल हेडवर (स्पीडलाईटसारख्या चपट्या तोंडावर) वेळ मारून नेली. ते पेटीत सोबत येतं, ते बरं. नळी वेगळी विकत मिळते, खोचून बसते, पण आयत्या वेळी कुठे मिळणार.

माझी नळी आता ज्या डबीत असते ती आईची शेवयांची होती. तिला अजून माहीत नाही.

नवशिक्या

विमानाने नेता येतो का? मला डिसेंबरात नागपूरला लग्न आहे.

भिंग

बॅटरी हातातल्या पिशवीत, चेक-इनमध्ये नाही. १४.४ व्होल्ट, २९०० एमएएच, म्हणजे साधारण ४२ वॉट-तास. शंभरच्या आत आहे, परवानगी लागत नाही. टोकांवर चिकटपट्टी लावा.

ठाणे_स्लो

घेतला. एडी२००प्रो, वाटी, दुधी टोपी, जेलची चळत. सॉफ्टबॉक्स सध्या नाही. जास्तीची एक नळी मात्र घेतली, वसईकरांच्या शेवयांना स्मरून.

सोबत दोन मीटरची एक्स्टेन्शन वायरही घेतली, एका टोकाला हेड बसतं. किलोभर वजनाचा डबा कमरेला आणि काठीच्या टोकाला फक्त हेड. पुतण्याचा हात आता अर्ध्या तासात दुखत नाही, त्यामुळे त्याला पंगतीपर्यंत थांबायला सबब उरली नाही. तरी तो जातोच.

आता काठी हवी. कुणाकडे जुना, वापरात नसलेला मोनोपॉड आहे का? रविवारी गिरगावात येतोय.

गिरगावकर

माझ्याकडे आहे, एक खिट्टी सैल आहे, दोरा गुंडाळला की बसते. अकराच्या आत या, नंतर मी जेवून आडवा होतो. पेंटवाली खोली अजून तशीच आहे, भिंत आता पिवळी केलीय. नळी घेऊन या, बघू आता कोण कसं दिसतं.